बोटं सोडता यावीत म्हणून

लक्ष्मी मंडईतून दोन किलो बटाटे आणि किलोभर कांदे एकाच पातळ कॅरीबॅगमध्ये घालून गाडीपर्यंत चालत या. पिशवी खाली ठेवली की बोटांवर पांढरी रेघ दिसते, आणि मिनिटभरात ती लाल होते. आमची आई अशा पिशवीच्या बंदाखाली रुमालाची घडी ठेवायची. वजन तेवढंच असायचं, पण बोटं कापायची नाहीत. माझ्या भाच्याच्या कॅमेऱ्याचं दुखणं निम्मं या रुमालाचंच होतं, पण हे कळायला आम्हा दोघांची एक अख्खी लग्नसराई गेली.

भाचा सोलापुरात लग्नाचे फोटो काढतो. सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या वरातीपर्यंत कॅमेरा उजव्या हातात. एकदा घरी आला, चहाची बशी उचलली आणि बशी लटपटली. "बोटं कामच करंनात मामा. रात्री मुंग्या येत्यात." कॅमेऱ्याला त्याने नवा हातबेल्ट, म्हणजे हाताच्या पाठीवरून जाऊन कॅमेरा हाताला धरून ठेवणारा पट्टा, लावला होता, ऑनलाइन मागवलेला, रेक्झिनचा, चकचकीत, दिसायला झकास आणि रुंदीला जेमतेम बोटभर. दुखणं बेल्ट लावल्यापासून वाढलं होतं. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे घरात असं काही झालं की फूटपट्टी घेऊन बसणं माझ्याकडे येतं.

आधी वजन पाहू. कॅननचा ईओएस वन-डी एक्स मार्क थ्री हा मोठा कॅमेरा बॅटरी आणि कार्डासह 1440 ग्रॅम भरतो. त्याला लांबचं जवळ आणणारी 70-200 मिलिमीटरची एफ 2.8 लेन्स लावली की आणखी सुमारे दीड किलो. वर फ्लॅश धरला तर तीन किलो सहज पार. तीन किलो म्हणजे काही पोतं नव्हे, पण ते किती जागेवर टेकतं यावर सगळं अवलंबून असतं. कॅमेरा धरून तळवा जमिनीकडे करा आणि बोटं सैल सोडा. आता सगळं वजन पट्ट्यामार्फत हाताच्या पाठीवर येतं. पट्टा 1 सेंटिमीटर रुंद आणि हाताला 8 सेंटिमीटर लांबीवर टेकलेला असेल, तर तीन किलोचा दाब 8 चौरस सेंटिमीटरवर पडतो. डॉक्टर रक्तदाब मोजतात त्या मापात हे साधारण 275 मिलिमीटर पारा होतं. आपला वरचा रक्तदाब 120 च्या आसपास असतो, म्हणजे पट्ट्याखालच्या कातडीत रक्त शिरायलाच वाव नाही. मंडईतली पांढरी रेघ ती हीच.

तोच पट्टा 4 सेंटिमीटर रुंद केला की दाब 70 च्या खाली येतो. तरी कातडीतल्या सगळ्यात बारीक रक्तवाहिन्यांमधला दाब जेमतेम 30 च्या घरात असतो, तेव्हा रुंद पट्ट्यावरसुद्धा कॅमेरा तासन्‌तास लोंबकळत ठेवायचा नसतो. शिवाय हे गणित दाब सगळीकडे सारखा पडतो असं धरून केलंय. हाताची पाठ तशी नसते. तिथे कातडी पातळ, खाली हाडं, मध्ये शिरा. पट्ट्याची कड हाडावर आली की सगळा दाब तिथे गोळा होतो. म्हणून पट्टा घेताना रुंदीइतकंच त्याच्या कडा कशा आहेत ते पाहावं. कड मऊ आणि किंचित बाहेर वळलेली हवी. अंगठा फिरवून पाहिला की दुकानातच कळतं.

मात्र बशी लटपटण्याचं कारण कातडीत नव्हतं. डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा भाग धरा आणि उजवी मूठ आवळा. हालचाल तिथे जाणवते. बोटं मिटणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपरापासून मनगटापर्यंत असतात आणि दोऱ्यांसारख्या कंडरांनी बोटं ओढतात. कठपुतळीचा खेळ म्हणा ना. मनगटाच्या एका अरुंद बोगद्यातून अशा नऊ कंडरा जातात आणि त्यांच्याच गर्दीत एक नस, जिच्यामुळे अंगठ्याला आणि शेजारच्या बोटांना संवेदना मिळते. कार्पल टनेल म्हणतात तो हाच बोगदा.

स्नायू आकुंचन-प्रसरण करत राहिला तर तो जणू स्वतःच रक्त आत-बाहेर करतो. पण तो एकाच स्थितीत आवळून धरला की आतला दाब वाढतो, रक्तवाहिन्या दबतात आणि मागणी वाढलेली असतानाच पुरवठा घटतो. जर्मनीच्या वाल्टर रोमर्ट यांनी 1960 मध्ये याचा आलेख मांडला. आपल्या कमाल ताकदीच्या निम्म्या जोराने काही धरून ठेवलं तर माणूस साधारण मिनिटभरात हार मानतो. जोर जसा कमी, तसा वेळ झपाट्याने वाढतो. 15 टक्क्यांच्या खाली कितीही वेळ धरता येतं असं रोमर्ट यांना वाटलं होतं, पण पुढच्या संशोधनात तेही खरं ठरलं नाही. हलकी पकडसुद्धा तासांच्या हिशेबात थकवतेच.

दुसरी गंमत बोटांच्या टोकांची. स्वीडनच्या योहान्सन आणि वेस्टलिंग यांनी 1984 मध्ये दाखवलं की वस्तू निसटू नये म्हणून लागतो त्यापेक्षा जरासाच जास्त जोर आपण लावतो. वस्तू गुळगुळीत असेल तर मेंदू हा जोर आपोआप वाढवतो. आता मे महिन्यातलं लग्न डोळ्यांसमोर आणा. सोलापूरचा पारा 40 च्या वर, मंडपात पंखे फक्त व्याह्यांकडे वळवलेले, तळहात घामाने ओला आणि हातात काही लाखांची वस्तू. भाचा गरजेपेक्षा कितीतरी जास्त आवळून धरत असणार यात मला शंका नव्हती. त्यात बेल्ट अरुंद आणि घट्ट, म्हणजे बोटंही आवळलेली आणि हाताची पाठही दाबलेली.

हातपट्ट्याने कॅमेरा हलका होत नाही, खांद्याला आणि दंडाला तेवढंच वजन उचलावं लागतं. पट्ट्याचं काम एवढंच, की दोन फोटोंच्या मध्ये बोटं सोडता आली पाहिजेत. ज्या पट्ट्यात बोटं सोडायची हिंमत होत नाही तो कितीही महागाचा असो, माझ्या लेखी बिनकामाचा. परीक्षा घरीच घ्यावी, गादीवर. तळवा खाली, बोटं उघडी, मनात 60 आकडे. कॅमेरा घसरला तर पट्टा सैल. बोटांची टोकं फिकी पडली किंवा अंगठ्याच्या मागच्या बाजूला बधिरपणा आला तर तो घट्ट. या दुसऱ्या खुणेकडे दुर्लक्ष करू नये. अंगठ्याच्या पाठीला संवेदना देणारी नस मनगटाच्या कडेने अगदी कातडीखालून जाते आणि घड्याळाच्या घट्ट पट्ट्यानेसुद्धा दबते. पट्टा मनगटाच्या हाडावर न येता तळव्याच्या मागच्या रुंद भागावर बसला पाहिजे. उन्हात आणि दिवसभराच्या धावपळीत हात थोडे सुजतात, म्हणून सकाळी लावलेलं माप दुपारी पुन्हा पाहावं. मुंग्या पट्टा काढल्यावरही राहत असतील तर मात्र प्रकरण पट्ट्याचं नाही, डॉक्टरांचं आहे.

लांब लेन्सचा त्रास निराळा. भरलेली कळशी कमरेला टेकवून नेणं सोपं आणि हात लांब करून धरणं अवघड, कारण वजनाला अंतराने गुणलं जातं. लेन्समुळे कॅमेऱ्याचा भार मुठीच्या पुढे जातो, नाक खाली झुकतं आणि कॅमेऱ्याचा माथा पुढे कलायला बघतो. तो कल बोटांनी रोखायचा की पट्ट्याने, हे पट्टा वर कुठे अडकवलाय त्यावर ठरतं. वरचं टोक कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या उजव्या कडीत असेल तर माथा कलताच पट्टा ताणला जातो आणि हाताची पाठ तो जोर घेते. पट्ट्याचं खालचं टोक अडकवायची सोय मोठ्या कॅमेऱ्यांना तळाशीच असते. ज्यांना ती सोय नाही त्यांना तळाशी ट्रायपॉडसाठी, म्हणजे तिपाईसाठी, असलेल्या भोकात स्क्रूने पट्टी बसवावी लागते. अर्थात फोटो घेताना डावा हात लेन्सखाली हवाच, त्याला पर्याय कुठलाही पट्टा देत नाही.

कापडाच्या बाबतीत सोलापूरकराला कुणी शिकवायची गरज नसावी. चादरीच्या गावात ताणा-बाणा कोणाला माहीत नाही? कॅमेऱ्याचा पट्टा म्हणजे आपली पलंगाची नवारच, फक्त नायलॉनची किंवा पॉलिस्टरची. तिच्यात ओढ सगळी ताण्याचे, म्हणजे लांबीतले धागे घेतात. बाणा, म्हणजे आडवे धागे, त्यांना जागेवर धरतो. सुती धागा हवेतली ओल वजनाच्या 8 टक्क्यांच्या आसपास धरतो, नायलॉन 4, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. ओला नायलॉन थोडा लांबतो, त्यामुळे घामाच्या दिवसांत बांधलेलं माप हलतं. कल्पना अशी, की ओढ घ्यायला पॉलिस्टर आणि हाताला लागेल तिथे घाम टिपणारं सुती किंवा मऊ चामडं. चामडं कोल्हापुरी चपलेसारखं हळूहळू हाताच्या आकाराला येतं, हे खरं. पण घाम खाऊन आणि उन्हात वाळून ते कडकही होतं, त्याला अधूनमधून तेल द्यावं लागतं. भाच्यासारख्या माणसाकडून ते होणार नाही.

शेवटी आम्ही एका बॅग शिवणाऱ्याकडे गेलो. दोन इंची नवार, आत फोम. पहिला प्रयत्न फसला, आणि चूक माझी. मी मऊ म्हणून सोफ्याचा फोम सुचवला. दोन लग्नांत तो चपटा झाला आणि कडा पुन्हा रुतायला लागल्या. फोम वजनाखाली अर्धाच दबला पाहिजे, पुरता बसला की त्याचा असून नसून उपयोग सारखाच. दुसऱ्यांदा चपलेच्या तळाला असतो तसा भरीव फोम घातला.

बकलाकडे फारसं कुणी बघत नाही, पण पट्टा निसटतो तो तिथूनच. बैलाचं दावं खुंट्याला नुसतं टेकवून धरलं तर बैल ओढून नेतो, दोन वेढे दिले की लहान पोरगंही थोपवतं. दर वेढ्याला घर्षण ओढ गुणाकाराने कमी करतं. स्विस गणितज्ञ ऑयलर यांनी 18व्या शतकात हे सूत्रात बांधलं. घर्षणाचा अंक 0.3 धरला तर अर्ध्या वेढ्याला सुमारे अडीच पट, पूर्ण वेढ्याला साडेसहा पट, दीड वेढ्याला 17 पट फरक पडतो. म्हणून बकलातून आलेलं मोकळं टोक तसंच न सोडता आणखी एकदा आत ओवावं. फुकटात अर्धा वेढा मिळतो.

तळाचा स्क्रू पाव इंच जाडीचा असतो, इंचाला 20 आटे. पट्टा त्याला सतत तिरका ओढतो, पट्टी फिरते आणि स्क्रू हळूहळू ढिला होतो. स्क्रू घट्ट केल्यावर त्याच्या डोक्यावरून पट्टीवर येईल अशी नेलपॉलिशची एक रेघ मारून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की रुपयाचं नाणं काढून स्क्रू आवळायचा. पट्टीमुळे बॅटरीचं झाकण अडतंय का, हेही घेण्याआधी पाहावं. भर वरातीत बॅटरी बदलण्यासाठी बेल्ट सोडत बसलेला फोटोग्राफर मी पाहिलाय.

यंदा संक्रांतीच्या संध्याकाळी गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, गर्दीत भाचा होम मैदानावर होता. पांढऱ्या बाराबंदीतले लोक, त्यांच्या डोक्यांवरून पुढे येणारे सात नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या उंच मानाच्या काठ्या, आणि सगळ्यांची मान वर. काठ्या जवळ आल्या की कॅमेरा डोळ्याला, पुढे सरकल्या की हात खाली आणि बोटं मोकळी. गर्दीतून एका आजींनी तिळगूळ पुढे केला. त्याने तो उजव्याच हाताने घेतला, दोन बोटांच्या चिमटीत. तीन किलोचा कॅमेरा तळव्याला तसाच चिकटून होता.