मचाणाखालचं मांजर

शेपटीचं टोक वरून काळं आणि खालून पांढरं असेल, तर ते बॉबकॅट नावाचं अमेरिकेतलं रानमांजर. टोक दौतीत बुडवून काढल्यासारखं सगळीकडून काळं असेल, तर ते कॅनडा लिंक्स. अमेरिकेतल्या मेन किंवा मिनेसोटा राज्यात मोसम चालू असताना परवाना घेऊन पहिल्याला गोळी घातली तर ती शिकार आणि दुसऱ्याला घातली तर केंद्रीय कायद्याखालचा गुन्हा, कारण लिंक्सला तिथे 2000 सालापासून संरक्षण आहे. आता हे टोक बघायला वेळ किती मिळतो? हरणाची वाट बघत मचाणावर बसलेल्या माणसाच्या खालून हे मांजर जातं ते पहाटेच्या अंधूक उजेडात, चार-पाच सेकंदांत. आणि शेपटी असते वीतभरही नाही. बॉबकॅटमधला 'बॉब' हा त्या छाटल्यासारख्या आखूड शेपटीवरूनच आला.

त्या चार-पाच सेकंदांत शिकाऱ्याच्या मनात जो प्रश्न येतो, तो अमेरिकेत दर हिवाळ्यात हमखास वादाला तोंड फोडतो. झाडायची की जाऊ द्यायचं? आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने हा विषयच मिटवून टाकला. वाघाटी दिसली काय किंवा बाऊल दिसला काय, ही आपली रानमांजरं, बंदुकीचा संबंध नाही. अमेरिकेत शिकारी हा वन्यजीव व्यवस्थेचा पैसे भरणारा भागीदार आहे. 1937 च्या एका कायद्यानुसार बंदुका आणि काडतुसांवर दहा-अकरा टक्के कर लागतो आणि तो राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. त्यामुळे 'शिकार वाईट, विषय संपला' असं म्हणून तिथे चालत नाही. प्रत्येक प्राण्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

तर हा प्राणी. वजन साधारण सहा ते चौदा किलो, म्हणजे आपल्या गल्लीतल्या कुत्र्यापेक्षा हलका. कॅनडाच्या दक्षिण पट्ट्यापासून मेक्सिकोपर्यंत दलदल, वाळवंट, डोंगर, शहरांच्या कडा, सगळीकडे राहतो. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात एकट्या अमेरिकेतली त्यांची संख्या 23 लाख ते 35 लाखांच्या घरात धरली होती. म्हणजे 'बॉबकॅट संपत चाललाय, एकही मारू नका' हा युक्तिवाद देशपातळीवर टिकत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बहुतेक वेळ मांजराच्या बाजूनेच बोलणार आहे.

शिकाऱ्यांच्या आरोपपत्रात तीन नावं असतात: रानटर्की, लावे आणि हरणाची पाडसं. 'एक बॉबकॅट मारला की वर्षाला इतक्या टर्की वाचल्या' असा हिशेब दक्षिणेतल्या राज्यांत सर्रास ऐकू येतो. टेक्साससारख्या राज्यात तर बॉबकॅटला बंद मोसमच नाही, संख्येची मर्यादाही नाही.

टर्कीचं आधी घेऊ, कारण त्यात गंमत आहे. वसंतात टर्कीची शिकार करणारा माणूस डोक्यापासून पायापर्यंत पानापानांचे कपडे घालून झाडाला टेकून बसतो आणि तोंडाने किंवा लाकडी डबीने मादीचा आवाज काढतो. समोर रबराची नकली मादीही ठेवतो. नर फसून जवळ यावा म्हणून हा सगळा खटाटोप. पण तो आवाज बॉबकॅटलाही ऐकू येतो. मग ते दबकत येऊन नकली टर्कीवर झेप घेतं, कधीकधी शिकाऱ्यावरच. अशी सकाळ अनुभवलेल्या माणसाला विचारा, बॉबकॅट काय खातं? तो छातीठोकपणे सांगेल, टर्की. खरं तर तो टर्कीचं सोंग घेऊन बसलेला असतो, त्यामुळे त्याच्याकडे येणारं प्रत्येक मांजर टर्कीच्याच शोधात असतं. गवतात उंदीर पकडत बसलेली मांजरं त्याच्या वाट्याला येतच नाहीत. संशोधनात याला नमुन्यातला कल म्हणतात. इथे तो कल स्वतः शिकारीच तयार करतो.

विष्ठा आणि पोटातलं अन्न तपासलं की चित्र पालटतं. बहुतेक ठिकाणी पहिला मान सशांचा, मग उंदीर-घुशींच्या जातकुळीतल्या प्राण्यांचा, मग खारींचा. पक्षी बरेच खाली. अर्थात आरोप अगदीच खोटा नाही. टर्कीची मादी जवळजवळ चार आठवडे जमिनीवर अंडी उबवत बसते आणि त्या काळात तिला मारणाऱ्यांत बॉबकॅट खरोखरच पुढे असतं. पण पिढी बुडते ती मुख्यतः अंडी गेल्याने. अंडी पळवणारे वेगळेच: रॅकून, स्कंक, ऑपॉसम, कावळे, साप. लाव्यांच्या बाबतीतही तेच. त्यांच्या गवताळ रानात कॉटन रॅट नावाचा उंदीर माजतो आणि दक्षिणेत बॉबकॅटच्या जेवणातला मोठा घास तोच असतो. गवतात घरट्यावर बसलेल्या लाव्यापेक्षा तिथे इकडेतिकडे पळणारे उंदीर कितीतरी जास्त. पाडसांचा तपास दक्षिण कॅरोलायनातल्या सव्हाना नदीकाठच्या एका राखीव क्षेत्रात नीट झाला. नवजात पाडसांना रेडिओ कॉलर लावले, मेलेल्यांवर दातांच्या खुणा आणि लाळेतला डीएनए तपासला. गुन्हेगार निघाला तो मुख्यतः कोयोट, म्हणजे तिथला कोल्ह्यासारखा रानकुत्रा, बॉबकॅट खूप मागे. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं म्हणवत नाही, कारण हा संन्यासी मांसाहारी आहे. पण फाशीचा दोर त्याच्या गळ्यात चुकूनच पडलाय.

बरं, मांजर नसलं तर काय होतं? हे बघायला एक बेट उपयोगी पडलं. जॉर्जिया राज्याच्या दक्षिण टोकाला किनाऱ्यालगत कंबरलंड नावाचं लांबट बेट आहे. ओकची जुनी झाडं, खाऱ्या पाण्याच्या गवताळ दलदली, वाळूचे ढीग आणि पूर्वीच्या धनिकांनी सोडलेले घोडे. तिथले बॉबकॅट विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच संपले होते. 1988 आणि 1989 मध्ये जॉर्जिया विद्यापीठाच्या संशोधकांनी मुख्य भूमीवरून पकडलेली 32 बॉबकॅट कॉलर लावून तिथे सोडली. मग विष्ठा गोळा करणं सुरू झालं. सुरुवातीच्या वर्षांत त्या विष्ठेत हरणाचे केस भरपूर सापडत होते. इतकं लहान मांजर हरणाला हात घालतं यावर अनेकांचा विश्वास बसत नाही, पण बेटावरची हरणं अंगाने खुजी होती आणि संख्येने अति झाली होती. पुढच्या दशकात हरणं कमी झाली, उरलेल्यांचं सरासरी वजन वाढलं आणि ओकची जी रोपं उगवताच खुडली जायची ती वाढीला लागलेली दिसू लागली. त्या बेटावर हरणांची मर्यादित शिकारही चालते, त्यामुळे सगळं श्रेय मांजरांना देणं घाईचं ठरेल. तरी हरणाच्या शिकाऱ्याने हे चित्र डोळ्यांपुढे आणावं. मांजरं आली आणि हरणं धष्टपुष्ट झाली.

त्याच बेटाची दुसरी बाजूही आहे. पुढे विष्ठेतल्या डीएनएवरून कळलं की तिथली मांजरं थोडकी आहेत आणि आपापसातच वीण चालल्याने त्यांची जनुकीय विविधता घटतेय. अधूनमधून मुख्य भूमीवरून एखाददुसरी मादी आणून सोडली नाही, तर ती पुन्हा नाहीशी होण्याची शक्यता बरीच आहे. लाखांच्या आकड्याने प्रत्येक जागेचा निकाल लागत नाही, तो असा.

आता समजा शिकाऱ्याने गोळी झाडलीच. त्या रानातलं एक मांजर कमी झालं का? बहुधा नाही. प्रौढ मादी आपला इलाखा दुसऱ्या मादीला वापरू देत नाही, नराचा मोठा इलाखा दोन-तीन माद्यांच्या इलाख्यांवर पसरलेला असतो. आणि कडेकडेने हिंडत असतात घरातून बाहेर पडलेली वर्ष-दीड वर्षाची बिऱ्हाड नसलेली पोरं. धनी मेला की खोली रिकामी, लगेच नवा भाडेकरू. त्यामुळे टर्की वाचवायला एक मांजर मारणं म्हणजे गळक्या हौदातून वाटीने पाणी उपसणं. संख्येवर परिणाम करायचा तर दरवर्षी पुष्कळ मारावी लागतात, आणि मग मात्र तो पटकन होतो. दक्षिण-पूर्व आयडाहोतला एक अभ्यास 1990 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की वर्षाला साधारण पाचव्या हिश्शाहून जास्त मांजरं मारली गेली की लोकसंख्या उतरणीला लागते. त्याच भागात ससे एकदम घटले तेव्हा पिल्लं जगेनाशी झाली. म्हणजे सशांच्या सुकाळात जी शिकार पचते, तीच दुष्काळात पचत नाही.

पाचवा हिस्सा म्हणजे किती, हे कळायला आधी एकूण किती ते कळलं पाहिजे. लपून राहणं हाच ज्याचा धंदा, त्याला मोजायचं कसं? इथे गोष्ट जराशी उलटी होते, कारण मोजणीचं एक मुख्य साधन शिकाऱ्यांनी मारलेली मांजरंच आहेत. बऱ्याच राज्यांत मारलेल्या बॉबकॅटची नोंद करावी लागते आणि खालचा जबडा किंवा सुळा खात्याकडे जमा करावा लागतो. मुळाच्या टोकाला भोक अजून उघडं असेल तर पिल्लू, वर्षाच्या आतलं. बुजलेलं असेल तर प्रयोगशाळेत सुळ्याचा कागदाहून पातळ काप काढतात, रंग चढवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मुळावरची वलयं मोजतात. झाडाच्या बुंध्यासारखीच, हिवाळ्यागणिक एक गडद रेघ. अशा शेकडो दातांवरून लोकसंख्येचा वयाचा मनोरा उभा राहतो. तरुण किती, म्हातारी किती, माद्या किती. पुढच्या वर्षी किती परवाने द्यायचे ते त्यावर ठरतं.

माद्यांवरून आठवलं. या वादात मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे, आणि त्याच्याबद्दलच कमी बोललं जातं. बॉबकॅटचा नर आणि मादी लांबून ओळखता येत नाहीत. नर थोडा मोठा, एवढंच. पिल्लं जन्मतात साधारण एप्रिल-मेमध्ये, दोन महिन्यांत दूध सुटतं, पण शिकार शिकत ती आईबरोबर राहतात पुढच्या थंडीपर्यंत. आणि शिकारीचा मोसम उघडतो बहुतेक राज्यांत शरदात, कातडं दाट होऊ लागतं तेव्हा. नोव्हेंबरात मचाणाखालून एकटं जाणारं मांजर ही मागे झुडपात दोन-तीन पिल्लं ठेवून निघालेली आई असू शकते. मोसम जानेवारीत सुरू केला तर हा धोका पुरता जात नाही, पण बराच घटतो. लोकसंख्येच्या कोष्टकात त्या पिल्लांनी फारसा फरक पडत नाही. मला मात्र कोष्टकाबाहेरचा विचार करायचीही मुभा आहे.

कातड्याचा बाजार हे खरं इंजिन. 1975 मध्ये आंतरराष्ट्रीय वन्यजीव व्यापाराचा करार लागू झाला. चित्ता आणि जॅग्वार यांच्या ठिपकेदार कातड्यांची वाट बंद झाल्यावर व्यापाऱ्यांची नजर बॉबकॅटच्या पांढऱ्या, काळे ठिपके असलेल्या पोटाकडे वळली आणि भाव भडकले. 1977 मध्ये बॉबकॅटही कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेला, म्हणजे व्यापार चालतो, पण परवान्यावर. अमेरिकेने तो काढून टाका म्हणून पुन्हा पुन्हा मागणी केली, पण इतर देश मानत नाहीत. शिवलेल्या कोटात बॉबकॅट कुठलं आणि स्पेनचा दुर्मीळ आयबेरियन लिंक्स कुठला, हे सांगणं अवघड असतं. त्यामुळे आजही परदेशी जाणाऱ्या प्रत्येक कातड्याला क्रमांक घातलेला प्लास्टिकचा टॅग अडकवावा लागतो. पश्चिमेकडच्या वाळवंटी मांजरांच्या फिकट, मऊ कातड्याला चांगल्या वर्षी शेकड्यांनी डॉलर मिळतात. कॅलिफोर्नियात जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीलगत लावलेले सापळे लोकांच्या लक्षात आले आणि गदारोळ झाला. 2015 मध्ये राज्याने सापळ्यांवर बंदी आणली, 2020 पासून शिकारही थांबवली. उलट इलिनॉयने चार दशकांहून जास्त काळ बंद असलेला मोसम 2016 मध्ये सोडत काढून पुन्हा उघडला. कोलोराडोत 2024 साली प्यूमाबरोबर बॉबकॅटच्या शिकारबंदीवर थेट मतदान झालं आणि बंदी हरली.

बंदूक नसली म्हणजे मांजर सुरक्षित, असंही नाही. लॉस एंजेलिसजवळच्या सांता मोनिका डोंगरांत राष्ट्रीय उद्यान सेवा 1996 पासून बॉबकॅटचा अभ्यास करते आहे. दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे मांजरं खरजेने झडून मरू लागली. तपासात त्यांच्या यकृतात उंदीर मारायचं विष सापडलं, रक्त गोठू न देणारं. बंगल्यांतून ठेवलेलं विष उंदराने खाल्लं, तो उंदीर मांजराने खाल्ला. विषाने बॉबकॅट लगेच मरत नाही, पण त्याची रोगप्रतिकारशक्ती बिघडते आणि एरवी पचली असती ती खरूज जीव घेते. 2020 मध्ये कॅलिफोर्नियाने अशा विषांच्या वापरावर कडक निर्बंध आणले.

मग झाडायची की नाही? टर्की किंवा लावे वाचवायचे म्हणून झाडत असाल, तर बंदूक खाली ठेवा. घरट्यांना आडोसा देणारं गवत आणि झुडपं राखण्यावर तेच पैसे आणि वेळ खर्च करा. कातड्यासाठी, मोजून दिलेल्या परवान्यावर, हिवाळ्याच्या उत्तरार्धात झाडत असाल, तर मला ते आवडत नाही, पण विज्ञानाचा दाखला देऊन अडवता येणार नाही. आपल्या रानात मांजरं किती हेच ठाऊक नसेल, तर जाऊ द्या.

न्यू जर्सीत हा प्रश्न सध्या येत नाही. तिथे एडिसनच्या आसपास मराठी घरं पुष्कळ आहेत, आणि राज्याच्या उत्तर भागात, इंटरस्टेट 80 या महामार्गाच्या पलीकडच्या डोंगरांत, बॉबकॅट आहेत हे त्यातल्या अनेकांना माहीत नसावं. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ते तिथून संपल्यात जमा होते. 1978 ते 1982 या काळात मेनमधून 24 मांजरं आणून सोडली, त्यानंतर ती हळूहळू वाढत गेली. शिकार बंद, त्यामुळे शिकाऱ्यांकडून येणारे दातही नाहीत. रस्त्यावर गाडीखाली सापडलेल्या मांजरांचे तेवढे मिळतात. म्हणून तिथल्या जीवशास्त्रज्ञांनी एक कुत्रा शिकवून तयार केला. तो जंगलात नाक जमिनीला लावून फिरतो आणि बॉबकॅटची विष्ठा सापडली की थांबतो. बक्षीस म्हणून खेळायला मिळतं. विष्ठा पिशवीत जाते, पिशवी प्रयोगशाळेत. तिथे डीएनएवरून कळतं की मांजर कुठलं होतं आणि नर होता की मादी, जे मचाणावरून कधीच कळत नाही.