सहा जणांचा शार्क्युटरी बोर्ड: घरी मांडण्याआधी हे वाचा
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

शार्क्युटरी बोर्ड म्हणजे लाकडी फळीवर मांसाचे काप, चीज, फळं, लोणचं असं मांडलेलं खाणं. त्यातल्या पहिल्या शब्दाचा उच्चार आमच्या काउंटरवर आजवर सात-आठ प्रकारे झाला आहे. शार्क्युटरी म्हणा, चारकुटी म्हणा, नुसतं ‘ते चीजवालं’ म्हणा, आम्हाला कळतं. फ्रेंचमधल्या ‘मांस’ आणि ‘शिजवलेलं’ या दोन शब्दांतून तो तयार झाला. मुळात डुकराच्या मांसाचे टिकाऊ प्रकार करणाऱ्या दुकानाचं आणि त्या कसबाचं हे नाव. मीठ चोळायचं, धूर द्यायचा, वाळवायचं आणि महिनोन्महिने पुरवून खायचं.

हे सगळं आम्ही एकदा धुळ्याहून आलेल्या एका मावशींना अगदी मन लावून समजावत होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “माय वं, हाई ते वाळवणच शे!” तेव्हापासून आमचं लांबलचक भाषण बंद झालं. गच्चीवर वाळवलेल्या बिबड्या आणि उडदाचे पापड वर्षभर ज्या कारणानं टिकतात, तेच कारण इथेही. मिठानं आणि वाळण्यानं पदार्थातलं पाणी हटतं, आणि पाणी नसलं की जंतूंचं काही चालत नाही. इटलीतल्या पार्मा गावाकडचं प्रोशुत्तो म्हणजे डुकराची मांडी, मीठ आणि हवा. बाकी फक्त वाट पाहायची, वर्षभर किंवा त्याहून जास्त.

मात्र आपल्या बाजारात मिळणाऱ्या चिकन सलामीला वाळवणाचा हिशेब लावू नका. सलामी म्हणजे मुळात नळीत भरून वाळवलेलं मांस. हिचं नाव सलामीचं असलं तरी ती वाळवलेली नसते. बारीक वाटलेलं चिकन नळीत भरून शिजवलेलं असतं. दोन्हींचे काप शेजारी ठेवून पाहिले की फरक दिसतो. वाळवलेल्या सलामीत चरबीचे पांढरे ठिपके वेगळे दिसतात, कडेला सुरी जराशी अडते आणि काप वाकवला तर ताठ राहतो. चिकन सलामीचा काप सगळीकडून सारखाच गुलाबी, मऊ, आणि बोटाला ओल लागते. पाकीट फोडलं की ती फ्रिजमध्येच ठेवायची आणि तीन दिवसांत संपवायची.

चिकन सलामी आणि स्मोक्ड चिकन आमच्याकडे रोज असतं. पोर्क सलामी आणि हॅम पुण्या-मुंबईहून बर्फाच्या पेटीतून येतं, त्यासाठी दोन दिवस आधी सांगावं लागतं. बीफ आम्ही ठेवत नाही.

किती घ्यायचं

इथे बहुतेक जण चुकतात. चूक आमच्या फायद्याची असते, तरी सांगतो. जेवणाआधी गप्पा मारत खायला असेल तर माणशी 50 ग्रॅम मांस आणि 50 ग्रॅम चीज पुरतं. म्हणजे सहा जणांना 300 ग्रॅम हे आणि 300 ग्रॅम ते. बोर्डावरच जेवण उरकायचं असेल तर दुप्पट घ्या. आपल्याकडे पाहुण्याला चार वेळा आग्रह केल्याशिवाय यजमानाला चैन पडत नाही, म्हणून लोक येतात तेच किलोची भाषा बोलत. पण यानंतर शेवभाजी येणार आहे हे पाहुण्याला स्वयंपाकघराच्या वासावरून कळलेलं असतं आणि तो पोट राखूनच बसतो. उरलेलं कडक चीज दुसऱ्या दिवशी मुलांच्या डब्यात जातं, उरलेली सलामी कुणीच खात नाही.

मांसाचे दोन प्रकार, चीजचे दोन, फार तर तीन. एक मऊ, एक कडक. मऊमध्ये ब्री घ्या. तिच्यावरची पांढरी साल बुरशीचीच असते आणि ती खायचीच असते, सोलून टाकू नका. कडकमध्ये चेडार किंवा गौडा. गौडावरचं लाल-पिवळं आवरण मात्र मेणाचं असतं, ते काढायचं. आमच्या एका ग्राहकांनी ते निष्ठेनं चावून खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी “चव चांगली होती, पण जरा चिवट होतं” असं सांगायला आले. ब्लू चीज पहिल्याच बोर्डावर नको. सहांतले चौघे नाक मुरडतात आणि त्याचा वास शेजाऱ्यांना लागतो. हौस असेल तर वेगळी बशी, वेगळी सुरी.

आमच्याकडून एवढंच घ्या. बाकी निम्मा बोर्ड तुमच्या घरात आणि बाजारात आहे, आणि तो निम्मा भाग खान्देशात जितका चांगला मिळतो तितका आमच्या पाकिटांत मिळत नाही. चीज आणि मांस दोन्ही खारट आणि चरबीचे. त्यांना उतारा म्हणून आंबट लागतं, कुरकुरीत लागतं, थोडं गोड लागतं.

आंबटासाठी व्हिनेगरमधली गाजरं आणि मिरच्या घरीच करा, एका दिवसात मुरतात. कैरीचं लोणचं ठेवायचं तर खोल वाटीत, नाहीतर तेल फळीभर फिरतं. ठेचाही ठेवा, पण चमच्यानं घेण्याइतकाच. चेडारच्या तुकड्यावर नखभर लसणाचा ठेचा हे आमच्या दुकानातल्या पोरांचं मधल्या वेळचं खाणं आहे आणि कुठल्याही आयात मोहरीच्या सॉसपेक्षा आम्हाला ते बरं वाटतं. गोडासाठी खजूर, थोडा मध. हिवाळ्यात मेहरूणची बोरं मिळाली तर अर्धी करून बी काढून ठेवा. त्यांचा आंबटगोडपणा गौडाबरोबर छान जमतो. पेरूच्या पातळ फोडी चेडारबरोबर.

केळीबद्दल जळगावात बसून असं लिहिणं धाडसाचं आहे, पण पिकल्या केळीचे काप बोर्डावर ठेवू नका. दहा मिनिटांत काळे पडतात आणि ब्रीच्या शेजारी सगळंच मऊ-मऊ होऊन जातं. केळीचे वेफर्स ठेवा, साधे, मिठाचे. मसाल्याचे वेफर्स चीजची चव मारतात. पावाचे पातळ काप भाजून घ्या. त्याहून चांगलं म्हणजे कळण्याची भाकरी पातळ थापून तव्यावर कडक होईपर्यंत भाजायची आणि हातानं मोडायची. ज्वारी-उडदाची ती खरपूस चव स्मोक्ड चिकनला बिस्किटापेक्षा जास्त शोभते.

शाकाहारी पाहुणे

आमच्या निम्म्याहून जास्त ऑर्डरी शाकाहारी असतात, आणि मिश्र घरांत तर एका टेबलाशी माळकरी काका, श्रावण पाळणारी वहिनी आणि सगळं खाणारा भाचा असे तिघेही बसतात. अशा वेळी एकाच फळीच्या दोन बाजू करू नका. दोन वेगळ्या फळ्या, दोन वेगळ्या सुऱ्या, आणि टेबलाची दोन टोकं. मांसाचा एक काप घसरून पलीकडे गेला तर ती व्यक्ती तोंडानं काही बोलत नाही, फक्त खाणं थांबवते.

चीजबद्दल एक गोष्ट आम्ही विचारल्याशिवायच सांगतो. दूध घट्ट करायला रेनेट लागतं आणि ते जुन्या पद्धतीत वासराच्या पोटातून घेतलं जातं. इटलीचं मूळ पार्मिजानो रेज्जानो आजही त्याच रेनेटनं होतं, त्यामुळे ते शाकाहारी नाही, कितीही ‘दुधाचंच’ असलं तरी. भारतात होणारी बरीच चीज सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटची असतात. पाकिटावर हिरवी खूण पाहा. मांसाहारी खूण आता तपकिरी त्रिकोणाची असते. आमच्या शाकाहारी बोर्डावर हिरव्या खुणेशिवाय काही जात नाही. जैन पाहुणे असतील तर आधी सांगा. मध, लसणाचा ठेचा आणि वांगं तिघांनाही रजा द्यावी लागते.

वांगं म्हणजे भरीत. शाकाहारी बोर्डाला धुराचा वास कुठून आणायचा हा प्रश्न आम्हाला सुरुवातीला खूप पडायचा. स्मोक्ड चीज आणून पाहिलं, महाग पडलं आणि वास वरवरचा निघाला. उत्तर यावल तालुक्यात होतं. बामणोदकडचं भरताचं हिरवं वांगं, मोठं, कमी बियांचं. शेतात ते काट्याकुट्यांच्या जाळावर भाजतात तेव्हा साल पूर्ण काळी होते आणि धूर आत गरापर्यंत उतरतो. शहरात गॅसवर भाजलं तरी चालतं, पण कोळसा असेल तर कोळशावरच. एरवी आपण भरताला तेल सढळ हातानं घालतो आणि वर कांद्याची पात. बोर्डासाठी तेल निम्मं करा, पात बारीक चिरा, शेंगदाणे अर्धवट कुटा आणि भरीत बडग्यानं जरा जास्त घोटा, म्हणजे भाकरीच्या तुकड्यावर बसतं, ओघळत नाही. पूर्ण गार करून वाटीत भरा. शेजारी ब्री. पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतं, म्हणून आम्ही दुकानात चमचाभर चाखायला देतो. हिवाळ्यात या, उन्हाळ्यात ते वांगं तसं मिळत नाही.

माणशी चीजचं प्रमाण शाकाहारी बोर्डावर 80 ग्रॅमपर्यंत वाढवा.

उन्हाळा

आता आमचीच फजिती. पहिल्या वर्षी मे महिन्यात एका गच्चीवरच्या कार्यक्रमाला आम्ही बोर्ड संध्याकाळी सातलाच मांडून आलो. फरशी दिवसभर तापलेली, यजमान दिव्यांच्या माळा लावत होते, पाहुणे अजून वाटेत. वीस मिनिटांत ब्रीचा त्रिकोण पसरत वेफर्सच्या खाली गेला, चेडारला तेल सुटलं, सलामीवर घामासारखे थेंब उभे राहिले. वेफर्स तर खाली बुडूनच गेले. फोन आला, आम्ही जाऊन बोर्ड उचलून आणला आणि पैसे परत केले. चूक यजमानांची नव्हती, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून सांगतो. फ्रिजमधून काढलेलं मांस आणि मऊ चीज दोन तासांत संपवायचं. हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकाच तासात. जळगाव-भुसावळकडे मार्चअखेरपासून जूनपर्यंत दिवस मावळल्यावरही पारा त्याच्या वरच रेंगाळतो, त्यामुळे उन्हाळ्यात दोन तासांचा नियम विसरा. उरलेलं ‘सकाळी खाऊ’ म्हणून पुन्हा फ्रिजमध्ये ढकलू नका, टाकून द्या. पुस्तकात चीज तासभर आधी बाहेर काढा असं लिहिलेलं असतं. ते थंड प्रदेशातल्या घरांसाठी. आपल्याकडे डिसेंबरात अर्धा-पाऊण तास ठीक आहे, मे महिन्यात दहा मिनिटं भरपूर.

उन्हाळ्यात करायचंच असेल तर खोलीत, पंख्याखाली करा. मोठ्या परातीत बर्फ पसरा, त्यावर जाड फडकं, त्यावर फळी. एकदम सगळं न मांडता निम्मं फ्रिजमध्ये ठेवा आणि अर्ध्या तासानं भर घाला. वीज जायची शक्यता असेल तर फ्रिज उघडझाप करू नका. आम्हाला विचाराल तर बोर्डाचा खरा हंगाम दिवाळीनंतर होळीपर्यंत.

गरोदर स्त्रियांना न शिजवलेली वाळवलेली मांसं आणि ब्रीसारखी बुरशीची मऊ चीज देऊ नका. त्यांच्यासाठी चेडार, वेफर्स, फळं आहेतच.

मांडणी

फळी साधारण 30 बाय 40 सेंटीमीटरची घ्या. आधी वाट्या ठेवा, भरलेल्या. मग चीज, एकमेकांपासून लांब. ब्रीचे त्रिकोण, गौडाच्या काड्या. चेडार सुरीनं कापण्यापेक्षा टोकानं फोडा, खडबडीत तुकडे दिसायला छान आणि हातात धरायला सोपे. प्रत्येक चीजची एक सुरी, हे मात्र नक्की.

सलामीचे काप पसरवून ठेवले की ते ओले कागद वाटतात. एक काप अर्धा दुमडा, पुन्हा अर्धा, टोक खाली धरून उभा करा आणि सोडू नका. दुसरा, तिसरा, चौथा त्याला टेकवा. चौघं मिळून स्वतःच्या पायावर उभे राहतात. नेटवर गुलाबाची फुलं दाखवतात, पेल्याच्या काठावर एकावर एक काप लावत जायचं आणि उपडं करायचं. जमतं, पण एका फुलाला दहा काप जातात आणि कुणी ते मोडायला तयार होत नाही. शेवटी फूल तसंच शिल्लक राहतं.

मोकळ्या जागा बोरं, खजूर, शेंगदाण्यांनी भरा. वेफर्स आणि भाकरीचे तुकडे पाहुणे दारात आल्यावरच, नाहीतर चीजची ओल पिऊन ते वातड होतात. पिण्याला लिंबू-सोडा किंवा कोकम. ताक नको, चीजवर ते जड पडतं.

ऑर्डर आणि फळी

चार जणांचा आणि आठ जणांचा असे दोन तयार बोर्ड आम्ही देतो. सहा असाल तर चारचा घ्या आणि घरचं वाढवा. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत सांगा, पोर्क हवं असेल तर दोन दिवस आधी. भाव दुकानातल्या फळ्यावर रोज लिहिलेला असतो. बोर्ड न्यायला येताना गाडीत थेट डिकीत टाकू नका, पुढच्या सीटसमोर खाली, एसीच्या वाऱ्यात ठेवा.

लाकडी फळी आमची आहे, अनामत घेऊन देतो. ती पाण्यात बुडवून ठेवू नका आणि भांडी घासायच्या तारेनं घासू नका, भेगा पडतात. साबणाचा हात फिरवा, गरम पाण्यानं धुवा, लगेच पुसा आणि सावलीत उभी करून वाळवा. तीन दिवसांत आणून दिली की अनामत परत. सोबत दिलेल्या काचेच्या बरण्यांची झाकणंही आणा, ती दर वेळी राहतात.