पैसे भरूनही ६५नंच?

परवा सकाळी कॅलिफोर्नियातल्या ८८० क्रमांकाच्या फ्रीवेवर, टोलच्या एक्स्प्रेस लेनमध्ये, एक पांढरा पिकअप माझ्या मागे इतका चिकटला की आरशात फक्त त्याची जाळी दिसत होती. मी ताशी ६५ मैलांवर होतो. पाटीवर तेवढाच आकडा आहे. दोनदा अप्पर मारून झाल्यावर त्यानं सलग दुहेरी पट्टा ओलांडला, उजवीकडच्या लेनमधल्या फटीत घुसला आणि मला मागे टाकून पुन्हा माझ्यासमोर येऊन बसला. मी ब्रेक दाबला. माझ्या मागच्यानंही दाबला, आणि त्याच्या मागच्यानं तर चांगलाच.

ऑफिसात हे सांगितलं तर नाशिकचा एक सहकारी उलट माझ्यावरच उखडला. “एक्स्प्रेस लेनचे पैसे भरतोस आणि ६५नं चालवतोस? मग आमच्यासारख्यांनी काय करायचं?” त्याच्या मते कोंडी माझ्यासारख्या नेमस्तांमुळेच होते. हा समज सार्वत्रिक आहे, म्हणून हा लेख.

आधी एक गल्लत दूर करू. एक्स्प्रेस लेन म्हणजे मुंबई-पुण्यासारखा अख्खा द्रुतगती मार्ग नव्हे, आणि ओव्हरटेकची लेनही नव्हे. नेहमीच्याच फ्रीवेवर अगदी डावीकडची (इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात) एक लेन राखून ठेवलेली असते. हेवर्डहून मिल्पिटासकडे जाताना ती एकच आहे. काचेला लावलेल्या टोलच्या डबीवर १, २, ३ असा खटका असतो. गाडीत तिघं असतील तर फुकट, दोघं असतील तर अर्धा टोल, एकट्यानं पूर्ण भरायचा. मंगळवारी बायको सोबत असते, तेव्हा खटका २वर. बुधवारी तो १वर आणायला मी हमखास विसरतो, पण तो वेगळा विषय.

या लेनचा टोल वरच्या पाटीवर दर काही मिनिटांनी बदलतो. कॅलिफोर्नियात ऑरेंज काउंटीतल्या ९१ क्रमांकाच्या रस्त्यावर १९९५ साली अशा लेन सुरू झाल्या. सान डिएगोच्या आय-१५वर १९९८पासून गर्दी पाहून दर हलू लागला. कल्पना त्याहून बरीच जुनी. विल्यम विकरी नावाचे अर्थशास्त्रज्ञ गर्दीनुसार रस्त्याचा दर लावा, असं १९५०च्या दशकापासून सांगत होते. १९९६ साली त्यांना नोबेल जाहीर झालं आणि तीनच दिवसांत ते वारले. गर्दी वाढली की दर चढतो, आणि दर पाहून काही जण लेनमध्ये यायचं टाळतात. म्हणजे मी टोल भरून वेग विकत घेत नाही. इतरांचं न येणं विकत घेतो. अमेरिकेच्या केंद्र सरकारचा नियमही त्याच भाषेत आहे: गर्दीच्या वेळी ९० टक्के वेळ या लेनचा सरासरी वेग किमान ४५ मैल राहिला पाहिजे. ७५चं आश्वासन कुणीच दिलेलं नाही.

माझ्या वाटेतला एक्स्प्रेस लेनचा पट्टा सुमारे १२ मैलांचा. ६५नं तो ११ मिनिटांत संपतो, ७५नं साडेनऊ मिनिटांत. फरक दीड मिनिटाचा. त्यासाठी हवेचा विरोध एक तृतीयांशानं जास्त सोसायचा, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एवढंच असतं तर मी लिहायला बसलो नसतो.

खरी गंमत पुढे आहे. वेग वाढवला की लेनमधून जास्त गाड्या जातात, असं आपण धरूनच चालतो. मोजून पाहू. गाडीची लांबी ५ मीटर, आणि प्रत्येकजण पुढच्यापासून २ सेकंदांचं अंतर राखतो. ६५ मैल म्हणजे सेकंदाला २९ मीटर. २ सेकंदांचे ५८ मीटर, अधिक गाडीचे ५, म्हणजे दर ६३ मीटरला एक गाडी. तासाला साधारण १६६० गाड्या. आता हाच हिशेब ७५ला करा. सेकंदाला साडेतेहतीस मीटर, दर ७२ मीटरला एक गाडी, तासाला १६७५. दहा मैलांनी वेग वाढवून तासाभरात पंधरा-सतरा गाड्या जास्त! एक टक्का! कारण वेग वाढला तसं अंतरही वाढलं. आता वेग ६५च ठेवा आणि अंतर २ऐवजी १.६ सेकंद करा. लगेच तासाला २०३०. लेनची क्षमता स्पीडोमीटरवर नाही, दोन गाड्यांमधल्या सेकंदांवर ठरते. मग सगळ्यांनी चिकटूनच चालवावं का? माझा लाडका विषय इथून सुरू होतो.

आषाढी वारीत दिंडीमागून चालला असाल तर हे पायांनी अनुभवलं असेल. पुढचे वारकरी क्षणभर थबकतात. तुमच्यापर्यंत ते थबकणं येतं तेव्हा पुढचे चालूसुद्धा लागलेले असतात. माणसं पंढरपूरकडे चालली आहेत, आणि थबकणं मात्र आळंदीकडे.

रस्त्यावरही तेच. पुढच्यानं काही कारण नसताना ६५चा ६० केला. मागच्याला लाल दिवा दिसून पाय हलेपर्यंत सव्वा सेकंद जातो आणि तेवढ्यात मधलं अंतर दोन-अडीच मीटरनं खाल्लं जातं. ते परत मिळवायचं तर ६०वर येऊन भागत नाही, ५७वर यावं लागतं. तिसरा ५३वर, चौथा ४८वर. चाळिसावा थांबतो. त्याला पुढे ना अपघात दिसतो, ना खड्डा, ना पोलीस. अंतर मोकळं असतं तर दुसऱ्यानं नुसता ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला असता आणि गोष्ट तिथेच विरली असती. चिकटून चालणाऱ्यांची रांग हा ब्रेकचा ध्वनिवर्धक आहे.

हे जपानमधल्या नागोयाच्या संशोधकांनी चक्क करून दाखवलं. २३० मीटर परिघाचं वर्तुळ, त्यावर २२ गाड्या, आणि सगळ्या चालकांना एकच सूचना: ताशी ३० किलोमीटरनं चालवत राहा. सिग्नल नाही, लेन बदलणं नाही. थोड्याच वेळात वर्तुळात एक कोंडी तयार झाली आणि ती ताशी सुमारे २० किलोमीटरनं उलट दिशेनं फिरू लागली. २००८ साली हे प्रसिद्ध झालं. त्याचा व्हिडिओ मी किती वेळा पाहिलाय, ते घरच्यांना विचारा.

२०च का? थांबलेल्या रांगेत दर ७ मीटरला एक गाडी असते. पुढची हलल्यावर मागची हलायला साधारण १.३ सेकंद. सातला १.३नं भागा: सेकंदाला ५.४ मीटर, म्हणजे ताशी १९ किलोमीटर. जगभरच्या महामार्गांवर लाटेचा मागे सरकण्याचा वेग १५ ते २०च्या आसपासच सापडतो, कारण माणसांचे पाय सगळीकडे सारखेच आळशी.

आता थोडं गणित. कंटाळा आला तर हा परिच्छेद गाळा. लाइटहिल आणि व्हिटहॅम या इंग्रज गणितज्ञांनी १९५५ साली दोन जोडलेखांत आधी नदीचा पूर आणि मग रस्त्यावरची गर्दी एकाच समीकरणात बसवली. गाड्या हवेतून उगवत नाहीत की हवेत विरत नाहीत, एवढंच गृहीतक. तासाला जाणाऱ्या गाड्या म्हणजे प्रवाह, किलोमीटरमधल्या गाड्या म्हणजे घनता, आणि प्रवाह म्हणजे वेग गुणिले घनता. मोकळ्या भागात किलोमीटरला १६ गाड्या, वेग १०५ किलोमीटर (तेच ६५ मैल), म्हणून प्रवाह १६८०. कोंडीत किलोमीटरला ७५ गाड्या, वेग १६, म्हणून प्रवाह १२००. या दोन प्रदेशांची सीमा किती वेगानं सरकेल? प्रवाहांतल्या फरकाला घनतांच्या फरकानं भागा. १२०० वजा १६८०, भागिले ७५ वजा १६. उत्तर उणे ८. उणे म्हणजे मागे. तुम्ही १०५नं पुढे येताय आणि कोंडीची शेपटी ८नं तुमच्याकडे येतेय. नदीचा पूर खाली जातो, हा पूर वर चढतो. त्या उणे चिन्हावर मी वर्गात बसल्या बसल्या खूश झालो होतो.

तर परवा कोंडी कुणी केली? पिकअपनं मिळवलेल्या एका गाडीच्या जागेमुळे माझं दोन सेकंदांचं अंतर अर्ध्या सेकंदावर आलं आणि त्या ब्रेकची लाट मागे किती दूर गेली असेल, कोण जाणे.

मात्र सहकाऱ्याची बाजू पूर्ण खोटी नाही. प्रवीण वरैया हे मुंबईच्या व्हीजेटीआयमधून १९६० साली बाहेर पडलेले अभियंते पुढे बर्कलीत प्राध्यापक झाले. कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांत पुरलेल्या संवेदकांची माहिती त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर चाळली आणि २००८ साली लिहिलं की, एकट्या कारपूल लेनची (आजच्या एक्स्प्रेस लेनचं जुनं रूप) क्षमता शेजारच्या लेनपेक्षा २० टक्के कमी भरते: साध्या लेनमध्ये ६० मैल वेगानं तासाला २०००, हिच्यात ४५नं १६००. कारण साधं आहे. एकच लेन असली की तिच्यातली सर्वांत सावकाश गाडी सगळ्यांचा वेग ठरवते. आणि शेजारची लेन ठप्प असताना तिला घासून ६५नं जायला धीर लागतो. कोण केव्हा बाहेर उडी मारेल सांगता येत नाही. मीही तिथे ५०वर येतो. त्या वेळी गोगलगाय मीच असतो, हे कबूल. पण ६५वरचा माणूस गोगलगाय नव्हे.

नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवणारे मला फारसे त्रास देत नाहीत. लिंबू चिरडल्यानं लाट तयार होत नाही. ‘गाडी स्वतः अंतर राखते, आता कोंडी संपली’ असं सांगणाऱ्यांचं मात्र ऐकवत नाही. ॲरिझोनात वर्तुळाचाच प्रयोग पुन्हा झाला, तेव्हा वीसेक गाड्यांत नीट शिकवलेली एकच गाडी सोडली आणि लाट खरंच विरली. पण बाजारात मिळणाऱ्या सात मॉडेलांचा अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल संशोधकांनी तपासला, तेव्हा सातही ब्रेकची लाट मोठीच करत होते. पुस्तिकेत हे छापलेलं नसतं.

लाटेचा वेग तुम्हालाही मोजता येईल. दुचाकींची गर्दी फटीत शिरत नसेल असा सिग्नल शोधा. हिरवा लागला की मोजायला लागा आणि तुमची गाडी हलेपर्यंतच्या सेकंदांना पुढच्या गाड्यांच्या संख्येनं भागा, मग ७ मीटरना त्या उत्तरानं. काल मोरी ॲव्हेन्यूच्या सिग्नलला माझ्यापुढे अकरा गाड्या होत्या. चौदा सेकंद लागले. मागच्यानं हॉर्न तिसऱ्याच सेकंदाला दिला होता.