लावा पक्ष्याची अंडी

लावा किंवा बटेर या तित्तिराच्या कुळातील लहान पक्ष्याची खाण्याची अंडी. बाजारात मिळतात ती बहुतेक सगळी जपानी लाव्याची. त्याचे शास्त्रीय नाव कोटर्निक्स जपोनिका. अंडे १० ते १२ ग्रॅमचे, म्हणजे कोंबडीच्या अंड्याच्या साधारण एक-पंचमांश. पिवळट कवचावर तपकिरी-काळे डाग असतात आणि प्रत्येक मादीची नक्षी बरीचशी ठरलेली असते. मुरलेला पालक त्यावरून अंडे कोणत्या मादीचे ते ओळखतो.

भारतात जपानी लावा १९७४ मध्ये कॅलिफोर्नियाहून आणला गेला. बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील कुक्कुट संशोधन केंद्रातून पुढे त्याचे पालन देशभर गेले. मादी ६-७ आठवड्यांची झाली की अंड्यावर येते आणि वर्षाला २५० ते ३०० अंडी देते. कोंबडीचे अंडे बहुधा सकाळी मिळते, लावा दुपारनंतर घालतो, त्यामुळे अंडी संध्याकाळी गोळा करतात. पाळीव लाव्यांची मादी सहसा खुडूक बसत नाही. पिल्ले यंत्रातच १७-१८ दिवसांत उबवावी लागतात.

या अंड्यांच्या गुणांबद्दल जे बोलले जाते त्यातला निम्मा गोंधळ मापाचा आहे. १०० ग्रॅममागे १३ ग्रॅम प्रथिने आणि सुमारे १५८ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. कोंबडीच्या अंड्यातही जवळजवळ तेवढेच. लोह मात्र दुप्पट (३.६५ मिलिग्रॅम विरुद्ध १.७५) आणि ब-१२ जीवनसत्त्वही जास्त. पण कोलेस्टेरॉलही दुपटीहून अधिक, ८४४ मिलिग्रॅम, तर कोंबडीच्या अंड्यात ३७२. ‘यात कोलेस्टेरॉलच नसते’ हे विक्रेत्याचे वाक्य त्यामुळे सरळ खोटे ठरते. एका अंड्यातून मिळणारी प्रथिने जेमतेम सव्वा ग्रॅम, तेव्हा मुलाच्या डब्यात दोन अंडी दिली म्हणजे पोषणाचे काम झाले असे समजू नये. दमा, स्मरणशक्ती, पौरुष यांवरचा उपाय म्हणूनही ती खपवली जातात. त्याला भरवशाचा आधार नाही. चरकसंहितेत पक्ष्यांच्या मांसांत लावा सर्वांत हितकर सांगितला आहे, पण ते मांसाविषयी आहे; जाहिरातवाले ते अंड्यांच्या खात्यावर जमा करतात. कोंबडीच्या अंड्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यालाही ही अंडी बाधू शकतात.

गोव्याच्या ताटात प्रथिनांचा भार मुख्यतः नुस्ते, म्हणजे मासळी, उचलते, त्यामुळे या अंड्यांना हौसेपलीकडे जागा मिळालेली नाही. अंड्याला खरा भाव येतो तो १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात. पण तेव्हाही पुरुमेतातली (पावसाळ्यासाठी केलेल्या साठवणीतली) सुकी मासळी आणि कोंबडीची अंडीच कामाला येतात. पाठोपाठ श्रावण व चवथ (गणेशचतुर्थी), म्हणजे अनेक हिंदू घरांत शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवण. गाड्यावरच्या रस ऑम्लेटला लाव्याची अंडी परवडत नाहीत आणि बिबिंक या थरांच्या गोड पदार्थासाठी लागणारे डझनभर बलक एवढ्याशा अंड्यांतून जमवायला कोण बसणार! शाकुतीच्या रश्शात मात्र ती शोभतात: अख्खी उकडलेली अंडी शेवटी सोडायची, एका घासात एक. हॉटेलांत ती मद्याबरोबरचा चखणा म्हणून तळून किंवा मसाला लावून देता येतात. फिलिपिन्समध्ये नारिंगी पिठात बुडवून तळलेली हीच अंडी ‘क्वेक-क्वेक’ नावाने रस्त्यावर विकतात.

करताना अडते ते सोलण्याशी. कवच पातळ, पण आतला पापुद्रा चिवट; कच्चे अंडे कपाच्या काठावर आपटले तर कवचाचा चुरा होतो आणि पापुद्रा तसाच राहतो. टोक कात्रीने किंवा धारदार सुरीने उडवावे. उकळत्या पाण्यात ३ मिनिटांत बलक मऊसर राहतो, ४ मिनिटांत घट्ट होतो. त्याहून जास्त वेळ ठेवल्यास पांढरा भाग रबरासारखा लागतो. उकडल्यावर लगेच थंड पाण्यात टाकून बोथट टोकाकडून सोलायला घ्यावीत, तिथे हवेची पोकळी असते. संख्या मोठी असेल तर गोव्यात हाताशी असणारे माडाचे व्हिनेगर कामी येते: उकडलेली अंडी त्यात बुडवली की बुडबुडे येऊ लागतात, डाग बोटाने पुसले जातात आणि काही तासांत कवचाचा चुना विरघळून नुसता पापुद्रा उरतो, तो चिमटीने ओढून काढता येतो. व्हिनेगर आत थोडे उतरते, म्हणून अशी अंडी लोणच्याला चांगली, गोडसर रश्शाला नाहीत. कच्ची अंडी खाऊ नयेत. साल्मोनेला या जंतूचा धोका इथेही आहे.

गोव्यात सड्यावरच्या (खडकाळ पठारावरच्या) झुडपांत रानलावे आढळतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार रानपक्ष्यांची अंडी काढणे वा घरटी मोडणे शिकारीत मोडते, त्यामुळे खायला फक्त पाळीव लाव्यांचीच अंडी घ्यावीत.