ग्रीड हिंदकळतं तेव्हा

१० ऑगस्ट १९९६, शनिवार. अमेरिकेचा पश्चिम भाग उकाड्याने हैराण होता. उन्हाने आणि भाराने तारा तापून झोळल्या, आणि दुपारी ३.४२ला ओरेगॉनमधली कीलर-ऑलस्टन ही ५०० केव्हीची (किलोव्होल्टची) लाइन झाडाला टेकून ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली. पाचेक मिनिटांनी मॅकनेरी धरणावरची जनित्रं एकामागोमाग बाहेर पडू लागली, आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारा वीजप्रवाह हिंदकळायला लागला. साधारण चार सेकंदांना एक हेलकावा, आणि पुढचा प्रत्येक आधीच्याहून मोठा. मिनिटभरात कॅलिफोर्निया-ओरेगॉन जोडणी सुटली, ग्रीडचे, म्हणजे वीजकेंद्रं आणि तारांच्या जोडलेल्या जाळ्याचे, चार तुकडे झाले, सुमारे ७५ लाख ग्राहक अंधारात गेले.

हिंदकळणं हा काही रोग नव्हे. परातीत पाणी घेऊन चाललं की ते हिंदकळतंच. धक्का बसला की एका भागातली जनित्रं फिरण्यात किंचित पुढे जातात, लांबच्या टोकाची मागे रेंगाळतात, आणि मधल्या लाइनींवर ऊर्जेची ये-जा सुरू होते. बघायचं ते इतकंच, की ती विरते आहे की वाढते आहे.

खरी चपराक नंतर बसली. त्या दिवसाची स्थिती कॉम्प्युटरवरच्या मॉडेलला दिली, तर तिथे हेलकावे निमूट शांत झाले. किती वीज वाहून न्यायची हे ज्या गणितावर ठरत होतं, तेच चुकलेलं!

गणिताऐवजी ग्रीडलाच विचारायचं, हा विचार मात्र तोवर रुजू लागला होता. १९९०च्या सुमारास जॉन हॉअर आणि सहकाऱ्यांनी मोजलेल्या हेलकाव्यांना प्रोनीची पद्धत लावली; हेलकाव्याची लय आणि तो विरण्याचा वेग तीतून निघतो. हा गास्पार द प्रोनी फ्रेंच अभियंता. त्याने ही युक्ती १७९५मध्ये वायूंच्या प्रसरणासाठी काढली होती. पण विरण्याचा वेग मोजायचा तर आधी हेलकावा हवा. त्यासाठी वॉशिंग्टन राज्यातल्या चीफ जोसेफ इथला १४०० मेगावॉटचा रोधक अर्धा सेकंद जोडून ग्रीडला मुद्दाम धक्का देत. मनोऱ्यांवर ताणलेल्या तारांची ही राक्षसी शेगडीच म्हणा ना. १९९७मध्ये पियर, ट्रुडनोव्स्की आणि डॉनेली यांनी दाखवलं, की धक्क्याची गरजच नाही. लोक दिवे, पंखे, मोटारी चालू-बंद करत असतात, त्याने ग्रीड सतत बारीक थरथरतं. त्या थरथरीतूनही लय आणि तिचं विरणं काढता येतं.

त्यासाठी शेकडो मैलांवरची मोजमापं एकाच घड्याळावर हवीत. ती सोय १९८८मध्ये व्हर्जिनिया टेकमध्ये अरुण फडके आणि जेम्स थॉर्प यांनी बांधलेल्या फेझर मापन यंत्राने केली. विजेची लाट कुठल्या टप्प्यावर आहे, तो कोन उपग्रहाची वेळ घेऊन मोजणारं यंत्र. फडके हे आयआयटी खरगपूरला शिकलेले.

आपल्याकडे ३१ डिसेंबर २०१३ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रीड उरलेल्या देशाच्या ठेक्यात आलं. तेव्हापासून कोयनेची आणि केरळातल्या इडुक्कीची जनित्रं एकाच परातीतलं पाणी आहेत.