मस्कत ते मकरान: बंदुकांची चोरटी वाहतूक आणि खबऱ्यांचे बक्षीस

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरच्या टोळ्यांकडे ज्या मार्टिनी-हेन्री बंदुका दिसू लागल्या, त्यांतल्या बऱ्याच ओमानमधल्या मस्कत बंदरामार्गे आलेल्या होत्या. युरोपातला माल आगबोटींतून मस्कतला उघडपणे उतरे आणि सुलतान त्यावर ५ टक्के जकात घेई. चोरटा व्यवहार सुरू होई तो त्यापुढे. गलबते ओमानचे आखात ओलांडून पलीकडच्या मकरानच्या (आजच्या इराण-पाकिस्तानच्या) ओसाड किनाऱ्यावर माल टाकत आणि अफगाण काफिले तो उंटांवर लादून उत्तरेकडे नेत.

एवढा लांब किनारा मूठभर ब्रिटिश युद्धनौकांनी राखणे अशक्यच होते. त्यामुळे सगळी मदार पैसे देऊन मिळवलेल्या खबरीवर. पण ‘गलबत निघाले’ एवढ्याने भागत नसे. नाखवा कोण, पेट्या किती, उतरणार कुठे आणि मुख्य म्हणजे झेंडा कोणता, हे कळायला हवे. १८९८ पासून मस्कतच्या झेंड्याची गलबते तपासण्याची मुभा ब्रिटिशांना होती. फ्रेंच झेंड्याला मात्र हात लावता येत नसे. ओमानी गलबतांनी हा झेंडा लावावा की नाही, हा वाद १९०५ मध्ये हेगच्या लवादापर्यंत गेला.

दुसरी अडचण वेळेची. १९०१ मध्ये मस्कतपासून समोरच्या इराणी किनाऱ्यावरच्या जास्कपर्यंत समुद्राखालून तारेची केबल टाकली गेली, जास्कपासून कराचीपर्यंत तारा आधीच होत्या. तरी बिनतारी यंत्र नसलेल्या नौकेला तार घ्यायला स्थानकासमोर यावे लागे. वारा अनुकूल असेल तर तेवढ्यात गलबत पलीकडे पोचलेले असे. बक्षिसाचा पेच वेगळाच. आगाऊ दिले तर बनावट खबरी वाढतात. माल सापडल्यावर दिले तर खबऱ्याचा जीव धोक्यात, आणि रिकाम्या हाती परतलेला पुन्हा तोंड उघडत नाही.

खबरीवर विसंबून जमिनीवर उतरणे तर फारच महागात पडे. डिसेंबर १९१० मध्ये ब्रिटिश युद्धनौका ‘हायसिंथ’ची तुकडी दडवलेल्या बंदुका शोधायला दुबईत घरात शिरली आणि चकमक उडाली. ३७ अरब मारले गेले, ब्रिटिशांचेही काही जण पडले. वर दुबईच्या शेखकडून ४०० बंदुका आणि ५०,००० रुपये मागितले गेले. ही वसुली अन्यायाचीच होती.

१९०९ पासूनच्या नाकेबंदीने व्यापार आवळला खरा, पण निर्णायक ठरले ते सप्टेंबर १९१२ मध्ये मस्कतला सुरू झालेले शस्त्रांचे सरकारी कोठार. माल तिथेच जमा करायचा आणि परवान्याशिवाय बाहेर काढायचा नाही, असा नियम झाला. सुलतानाच्या बुडालेल्या जकातीची भरपाई ब्रिटिशांनी केली.