धडपडणारं मूल आणि मनातली हालचाल

देवगड-मालवणकडचं सात वर्षांचं पोर. शर्टाचं बटण वरच्या काजात घालतं, सोडतं, पुन्हा तिथेच घालतं. शाळेच्या वाटेवर साकव आला की थबकतं. घरी त्याला वेंधळा म्हणतात, शाळेत आळशी. हे दोन्ही शिक्के अन्यायाचे आहेत. शाळकरी वयाच्या साधारण 5-6 टक्के मुलांना हालचाली नीट जुळवता न येण्याची ही अडचण असते.

1962 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने अशा मुलांवर संपादकीय लिहिलं. 1987 मध्ये अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात 'डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर' (डीसीडी), म्हणजे वाढीच्या वयातली हालचालींच्या समन्वयाची अडचण, हे निदान आलं. पण हात चुकतो का, याचं उत्तर त्यात नव्हतं.

ते दुसऱ्याच वाटेनं आलं. हालचाल करण्याआधी मेंदू तिचा अंदाज बांधतो आणि नुसती कल्पना करतानाही बरीचशी तीच यंत्रणा वापरतो, असं फ्रान्सचे मेंदूशास्त्रज्ञ मार्क जानेरो यांनी 1994 मध्ये मांडलं. झाडावरच्या कैरीवर दगड मारणारं पोर नेम धरतं तेव्हा फेक मनात आधीच होऊन गेलेली असते. 1999 मध्ये ऑस्ट्रेलियात पॉल मारफ, पीटर विल्सन आणि सहकाऱ्यांनी ही कल्पना डीसीडीच्या मुलांवर तपासली. लक्ष्य जितकं अरुंद, तितका हात सावकाश चालतो, हा जुना नियम. इतर मुलांच्या मनातल्या हालचालीही तो पाळत होत्या. डीसीडीच्या मुलांचा खरा हात नियमानं चालला, कल्पनेतला मात्र नाही. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. दोष मुलाच्या मेहनतीत नाही, हे त्यातून उघड दिसतं.

2002 मध्ये विल्सन यांच्या गटानं 7 ते 12 वर्षांच्या 54 मुलांवर प्रयोग केला. कौशल्य पडद्यावर पाहायचं, मग स्वतः ते करतोय असं मनात आणायचं. नेहमीच्या व्यायामाइतकाच त्याचा गुण आला. पुढच्या काही अभ्यासांत डीसीडीच्या आणि इतर मुलांच्या मनातल्या हालचालींमधला फरक पुसट निघाला, त्यामुळे वाद अजून मिटलेला नाही.

आपल्याकडे मुलांची आरोग्य तपासणी करणाऱ्या सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये कोकणातल्याच पालघरला झाली. त्याची पथकं वर्षातून एकदा शाळेत येतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेखाली 'डिस्प्रॅक्सिया'चा, म्हणजे याच प्रकारच्या अडचणीचा, उल्लेख आहे. पथक येईल त्या दिवशी बटणाची आणि साकवाची गोष्ट शिक्षकांनी आणि आईवडिलांनी आपणहून सांगायला हवी. चालतं-धावतं मूल पाहून ती कुणाच्या लक्षात येणार नाही.